लवंग तेल: दाढेपासून बुरशीपर्यंत, आणि मध्ये माझी फजिती

फडताळ

गेल्या गुरुवारी रात्री साडेअकराला माझी खालची डावी दाढ ठणकायला लागली. तशी ती गणपतीपासूनच अधूनमधून हजेरी लावत होती, पण या वेळी कानापर्यंत कळ जात होती. दवाखाने बंद, घरातल्या वेदनाशामक गोळ्या संपलेल्या. मग आठवलं, आईने कधीतरी लवंग तेलाची बाटली आणून ठेवली होती. फडताळात कापूर आणि वातींच्या मागे ती सापडली. करंगळीएवढी, तपकिरी काचेची. ड्रॉपरचा रबरी फुगा फुगून चिकट झाला होता आणि दाबला तर बोटालाच चिकटायचा. तेल पूर्वी फिकट पिवळं असावं, आता पार चहाच्या रंगावर गेलेलं.

मी काय केलं? बोराएवढा कापसाचा बोळा घेतला, तेलात चांगला चिंब भिजवला, दाढ आणि गालाच्या मध्ये कोंबला आणि झोपलो. पहिली दोन मिनिटं आग आग. मग जीभ, गाल, ओठ सगळं बधिर. त्यानंतर जे सुख मिळालं ते सांगता येणार नाही. दाढ आहे हेच विसरलो.

सकाळी आरशात पाहिलं तर हिरडीवर दुधावरच्या सायीसारखा पांढरा पापुद्रा. ब्रश लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं. दाढ गप्प, हिरडी बोंबलतेय. आई म्हणाली, "अरे, थेंब घ्यायचा असतो, तू अभ्यंगस्नान केलंस!"

तर लोकहो, तीन प्रश्न. माझं नक्की काय चुकलं? या तेलाचा घरात आणखी काय काय उपयोग करता? आणि बाटली इतकी जुनी असेल तर फेकून द्यावी का?

---

पागोळी

आई गं! वाचतानाच हिरडी चुरचुरली. आमच्याकडे तेल नाहीच, अख्खी लवंग दाढेखाली धरायची आणि हळूहळू चावायची. आजीचा नियम असा की लवंग चावता येत असेल तर दुखणं साधं, चावताही येत नसेल तर उद्या सकाळी डॉक्टर.

---

दंतकथा

आयडी बघून हसू नका, पेशाने खरंच दंतवैद्य आहे.

फडताळ, तुमच्या हिरडीवर जे झालं ती भाजल्याची जखम आहे. लवंगेच्या तेलात ७० ते ९० टक्के युजेनॉल असतं. अगदी थोड्या प्रमाणात ते नस शांत करतं, बधिर करतं आणि जंतूंनाही आवरतं. तेच जास्त प्रमाणात आणि रात्रभर मऊ त्वचेला लागून राहिलं तर पेशी मारतं. औषध तेच, मात्रा चुकली. आता काही लावू नका. कोमट मीठपाण्याच्या गुळण्या करा, तिखट टाळा. आठवड्याभरात हिरडी भरून येईल.

योग्य पद्धत सांगतो. दाढेला खड्डा असेल तर मुगाच्या दाण्याएवढा कापूस घ्या, चिमट्याने धरून त्यावर एक थेंब टाका आणि टिश्यूवर टिपून जास्तीचं तेल काढून घ्या. ते खड्ड्यात ठेवा, हिरडीला लागू द्यायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांनी काढून टाका. खड्डाच नसेल, दुखणं मुळाशी किंवा हिरडीत असेल, तर वरून तेल चोळून फारसं काही होत नाही, नुसती आग होते.

आमच्या धंद्यात हे तेल रोजचं आहे. झिंक ऑक्साईडची पांढरी भुकटी आणि युजेनॉल काचेच्या पट्टीवर स्पॅच्युलाने घोटायचं. आधी ओघळतं, मग साटोरीच्या सारणासारखं होतं आणि मग पुरणासारखा गोळा जमतो. तो दाताच्या खड्ड्यात तात्पुरता भरायचा. ओलावा आणि उष्णता मिळाली की ते लवकर घट्ट होतं. जुलैत लाईट जाऊन एसी बंद पडला तर गोळा तोंडात जायच्या आधी काचेवरच बसतो. कितीतरी लोकांना दंतवैद्याच्या खोलीचा म्हणून जो वास आठवतो, तो यातल्या युजेनॉलचा. दाढ काढल्यावर कधी कधी खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून जाते आणि हाड उघडं पडतं. तेव्हा जी औषधी पट्टी ठेवतो तिच्यातही बहुतेकदा हेच असतं.

एक सूचना, जी कोणी देत नाही. दातांच्या रंगाचं कॉम्पोझिट भरायचं असेल आणि तुम्ही घरी तेल लावत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. युजेनॉलमुळे ते नीट घट्ट होत नाही.

आणि गणपतीपासून? म्हणजे किती महिने झाले? ठणका आपोआप थांबला म्हणजे दाढ बरी झाली असं नाही. आतली नस मेली तरी ठणका थांबतो.

---

शंकासुर

धाग्याचं शीर्षक वाचून वाटलं आता 'लवंग तेलाचे एकशे एक चमत्कार' सुरू होणार. दंतकथांनी वाचवलं.

माझ्या फॉरवर्डच्या साठ्यात लवंग तेल टक्कल घालवतं, साखर उतरवतं, चरबी वितळवतं आणि चष्मा सोडवतं. दातापुरतं मान्य, ते पाठ्यपुस्तकात आहे. बाकीचं प्रयोगशाळेतल्या बशीत जंतूंवर थेंब टाकून पाहिलेलं असतं. बशीतला जंतू तर व्हिनेगरनेही मरतो.

---

फडताळ

@दंतकथा, चार महिने. हो, माहितीये. दर वेळी दुखायचं, लवंग किंवा तेल लावायचो, थांबायचं, आणि मी 'बघू पुढच्या शनिवारी' म्हणायचो. पुढचा शनिवार आलाच नाही.

@शंकासुर, चष्मा सोडवणारा फॉरवर्ड मला पण पाठवा, सासऱ्यांना हवाय.

---

कुळागर

गोव्यात फोंड्याजवळ आमचं लहानसं कुळागर, म्हणजे बागायत आहे. माड, माडी (सुपारी), जायफळ आणि लवंगेची सहा झाडं. तेलाबद्दल इथे बोलणं चाललंय म्हणून झाडाबद्दल थोडं.

लवंग म्हणजे न उमललेली कळी. झाड लावल्यावर पाच-सहा वर्षांनी कुठे कळ्या धरायला लागतं. कळी हिरवी असते, मग गुलाबी छटा येते, त्याच वेळी खुडायची. दोन-चार दिवस उशीर केला आणि फूल उमललं की लवंग म्हणून तिची किंमत गेली. सगळे घोस एकदम तयार होत नाहीत, त्यामुळे त्याच झाडावर पुन्हा पुन्हा शिडी लावावी लागते. फांद्या ठिसूळ, चढणारा माणूस हलका हवा. माझ्या वजनाला बायकोने केव्हाच बंदी घातलीय. खुडलेले घोस तळहातावर चोळून देठ वेगळे करायचे आणि चटईवर चार-पाच दिवस उन्हात घालायचे. तीन किलो ओल्या कळ्यांची जेमतेम एक किलो लवंग होते. वाळवण उलथताना हाताला जो वास बसतो, तो रात्री जेवताना माशांच्या हुमणालाही येतो.

आता तेलाचं. बाजारात तीन तऱ्हेचं तेल असतं: कळीचं, देठाचं आणि पानाचं. युजेनॉल तिन्हीत भरपूर, पण पानाचं स्वस्त, कारण पाला झाडाखाली पडलेलाच असतो. वासात फरक कळतो. कळीच्या तेलाला एक गोडसर, फळासारखी बाजू असते, पानाचं उग्र आणि दवाखान्यासारखं. बाटलीवर नुसतं 'क्लोव्ह ऑईल' असेल तर ते कळीचंच असेल असं धरून चालू नका.

गोडं तेल मिसळलंय का बघायला सोपी युक्ती आहे. काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि एक थेंब सोडा. लवंग तेल पाण्यापेक्षा जड, थेंब तळाशी जाऊन मण्यासारखा बसतो. तरंगत राहिला तर शंका घ्या. पान आणि कळी यातला फरक मात्र या युक्तीने कळणार नाही, दोन्ही बुडतात.

अख्ख्या लवंगेची गंमतही अशीच. तेल काढून घेतलेल्या लवंगा चांगल्या मालात मिसळून विकतात. चांगली लवंग पाण्यात तळाला जाते, निचरा झालेली वर तरंगते. किंवा नखाने दाबा. चांगल्या लवंगेला तेल सुटतं, दुसरी भुशासारखी कोरडी.

---

पागोळी

वा कुळागर! वाचनखूण साठवली. आत्ता उठून डब्यातल्या लवंगा पेल्यात टाकल्या. बारातल्या पाच तरंगल्या. वाण्याकडे जाऊन भांडू का?

---

कुळागर

भांडा की! पेला सोबत न्या.

---

स्लाईडवाली

मला या वासाने एकदम बीएस्सीची प्राणिशास्त्राची लॅब आठवते. झुरळाचे मुखावयव काढायचे, अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांतून न्यायचे, म्हणजे त्यातलं पाणी निघून जातं, आणि मग घड्याळकाचेत लवंग तेलात ठेवायचे. तेलाने पेशी पारदर्शक होतात. जो तुकडा मघाशी मातकट दिसत होता तो हळूहळू मधासारखा चमकायला लागतो, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक लव दिसते. मग कॅनडा बाल्सम (चिकटवायची पारदर्शक राळ) आणि वर काच. पाणी नीट निघालं नसेल तर सगळं दुधाळ व्हायचं आणि सर पुन्हा पहिल्या पायरीवर पाठवायचे. तीन वर्षं झुरळ आणि लवंग एकत्र हुंगल्यामुळे मला मसालेभात आवडायला बराच काळ गेला.

मत्स्यशास्त्रवाले माशांना भूल द्यायलाही हेच वापरतात, वजन करताना किंवा खुणा लावताना मासा तडफडू नये म्हणून. पण त्याचं माप काटेकोर असतं. घरच्या फिशटँकवर प्रयोग करू नका.

---

पागोळी

प्रश्न दोनचं उत्तर: आमच्याकडे साखरेच्या डब्यात चार लवंगा कायम. मुंग्या फिरकत नाहीत. डाळींतही टाकते.

पण एकदा मी जास्त शहाणपणा केला. लवंग चालते तर तेल आणखी चालेल, म्हणून तूरडाळीच्या मोठ्या डब्यात तेलाचा कापूस ठेवला. पाच किलो डाळ. पुढचा दीड महिना आमच्या वरणाला टूथपेस्टची चव होती. आमटीत गूळ घाला, चिंच घाला, काही उपयोग नाही. नवरा जेवून उठताना "चूळ भरायची गरज नाही आज" म्हणायचा. तेव्हापासून खाण्याच्या डब्यात अख्खी लवंग, तेल कधीच नाही.

कपाटातही तसंच. शालींत, रेशमी साड्यांत तेलाचा थेंब टाकाल तर डाग पडतो आणि जात नाही. मलमलच्या पुरचुंडीत लवंगा बांधून ठेवायच्या. डांबरगोळीपेक्षा वास बरा.

---

मनीमाऊ

डिफ्यूझर (खोलीत तेलाचा सुगंध पसरवणारं उपकरण) वापरणाऱ्यांना एक विनंती. घरात मांजर असेल तर लवंग तेल जाळू नका, फवारू नका, पुसायच्या पाण्यात टाकू नका. मांजरांच्या यकृताला असली फिनॉलवर्गी रसायनं आपल्यासारखी निकामी करता येत नाहीत. फरशीवरचं तेल पायाला लागतं, मांजर पाय चाटतं. आमची लाळ गाळत, लटपटत चालायला लागली तेव्हा हे कळलं. सलाईनवर दोन दिवस होती. आता ठणठणीत आहे आणि सोफा फाडतेय.

---

पश्चिमवारा

सिडनीहून लिहितोय. इकडे लवंग तेल म्हटलं की लोकांना दात नाही, बुरशी आठवते. बाथरूमच्या कडा, खिडकीच्या चौकटी, कपाटाची मागची बाजू यांसाठी. इथला पाठ झालेला नुस्का असा: एक लिटर पाण्यात पाव चमचा तेल, फवारणीच्या बाटलीत. तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे दर फवाऱ्याआधी बाटली जोरात हलवायची, नाहीतर आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी शुद्ध तेलाची पिचकारी. आधी ओल्या फडक्याने बुरशी पुसून घ्यायची, मग फवारायचं आणि तसंच ठेवायचं. हातमोजे घाला.

माझा अनुभव सांगतो. टाईल्सच्या फटीत बऱ्यापैकी उपयोग झाला, काळा डाग मात्र राहतो, तो तेलाने जात नाही. डोंबिवलीच्या घरी भिंतीतून पाणी झिरपतं तिथे मात्र शून्य. दोन आठवड्यांत बुरशी परत, आणि आता ती लवंगेच्या वासाची. गळती बंद केल्याशिवाय काही खरं नाही.

अजून एक, पॉलिशच्या लाकडावर थेंब पडू देऊ नका. माझ्या टीपॉयवर रुपयाएवढा पांढरा डाग आहे, त्यावर आता कायमची फुलदाणी असते.

---

शंकासुर

बुरशीचं पटलं. डासांचं कोणी सांगेल का? लिंबात लवंगा खोचून ठेवल्या की डास पळतात म्हणे. मी खोचल्या. डास त्याच लिंबावर बसला. फोटो आहे.

---

मात्रा

औषधाचं दुकान आहे, म्हणून चार गोष्टी.

डासांचं: त्वचेला लावलेलं लवंग तेल काही वेळ डास दूर ठेवतं, चाचण्यांत ते दिसलंय. पण जेवढ्या तीव्रतेला ते काम करतं तेवढ्या तीव्रतेला त्वचाही लाल होते. लिंबात खोचून काही होत नाही, शंकासुरांचा डास बरोबर आहे.

अंगाला लावायचं असेल तर अर्ध्या टक्क्यापुढे जाऊ नका. म्हणजे ३० मिली खोबरेल किंवा तिळेल तेलात तीन-चार थेंब, बस्स. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. नुसतं तेल कधीही चोळायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लहान मुलांच्या हाती ही बाटली लागू देऊ नका. एक-दोन चमचे, म्हणजे ५ ते १० मिली तेल पोटात गेल्यामुळे लहान मुलांना झटके येणं, शुद्ध हरपणं, यकृत निकामी होण्याच्या बेताला जाणं अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. वासाला मसाल्यासारखं, बाटली इवलीशी, म्हणून कोणी गांभीर्याने घेत नाही. माझ्याकडे 'बाळाला दात येतायत, हिरड्यांना लावायला द्या' म्हणून लोक येतात. मी देत नाही. रागावून जातात, जाऊ देत. चुकून प्यायलं गेलं तर उलटी काढायचा प्रयत्न न करता थेट हॉस्पिटल गाठा, बाटली सोबत न्या.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर पोटात घ्यायचे 'लवंग तेल कॅप्सूल' वगैरे प्रकार टाळा. युजेनॉल रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटू देत नाही. मसाल्यातल्या दोन लवंगांनी काही होत नाही, घाबरू नका.

@फडताळ, तुमचा तिसरा प्रश्न. हवा आणि उजेड लागला की तेल काळपट होत जातं. चहाच्या रंगाचं आणि फुगा विरघळलेलं तेल तोंडात घालायचं नाही. रबर या तेलात टिकत नाही, म्हणजे त्या फुग्याचा अंश तुमच्या तेलात उतरलाय. नवी बाटली घ्याल तर घट्ट झाकणाची, ड्रॉपर वेगळा. आणि बाटलीवर तारीख लिहा.

---

जुनंपानं

अवांतर आहे, पण राहवत नाही.

लवंग मुळात आपली नव्हेच. इंडोनेशियाच्या मोलुक्का बेटांतली, तेर्नाते, तिदोरे आणि आसपासच्या काही बेटांवरची. आपल्या लोकांना हे जुन्या काळापासून ठाऊक होतं. रघुवंशात इंदुमतीच्या स्वयंवराच्या वेळी समुद्रावरच्या वाऱ्याचं वर्णन आहे, तो वारा दुसऱ्या बेटांवरून लवंगफुलं घेऊन येतो आणि घाम टिपतो. म्हणजे कालिदासालाही लवंग 'इम्पोर्टेड' हे पक्कं माहीत.

पुढे डचांनी तिची मक्तेदारी केली, आपल्या ताब्याबाहेरची झाडं तोडून टाकली. अठराव्या शतकात फ्रेंचांनी रोपं चोरून मॉरिशसला नेली, तिथून ती झांझिबारला पोचली आणि झांझिबार लवंगेचं आगर झालं. १९३७ साली तिथल्या सरकारने लवंगेचा व्यापार एका संघटनेच्या हाती दिला आणि तिथले हिंदी व्यापारी भरडले गेले. तेव्हा काँग्रेसने झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला होता. पुढच्या वर्षी तडजोड झाली. परदेशी कापडाची होळी सगळ्यांना पाठ असते, लवंगेवरचा बहिष्कार कोणाला आठवत नाही.

---

पागोळी

जुनंपानं, हे माहीतच नव्हतं! तेव्हा दाढ दुखणाऱ्यांनी काय केलं असेल?

---

जुनंपानं

सिलोनची लवंग चावली असेल.

---

फडताळ

अपडेट.

शनिवारी गेलो एकदाचा. दंतकथा म्हणाले तसंच निघालं. नस मेलेली, मुळाशी पू. एक्स-रेवर दाढेच्या टोकाला काळी गोल सावली होती, डॉक्टरांनी पेनने तिच्याभोवती गोल काढून दाखवला. म्हणाले, "किती दिवस तेल लावून दाबून ठेवलंत?" मी म्हटलं, "थोडेच." आई शेजारीच उभी होती. "चार महिने," ती म्हणाली.

रूट कॅनॉल सुरू केलंय, तीन खेपा. पहिल्या खेपेला आत साफ करून वर तात्पुरतं भरलं. मी मान वळवून बघत होतो. असिस्टंट बाईंनी काचेच्या पट्टीवर पांढरी भुकटी ओतली, शेजारी दोन थेंब टाकले आणि घोटायला घेतलं. वास आला मात्र, मला फडताळ आठवलं. बाईंनी खरंच पुरणासारखी गोळी वळली आणि ती माझ्या दाढेत गेली. म्हणजे ज्या तेलाने चार महिने टाळलं, त्याचीच गोळी आता दाढेत.

हिरडी भरून आलीय. जुनी बाटली टाकून दिली. नवी आणलीय, घट्ट झाकणाची, पेल्यातल्या पाण्यात थेंब सोडून बघितला, बुडाला. वर सेलोटेपने चिठ्ठी लावलीय: 'एक थेंब. मुगाएवढा कापूस. मग डॉक्टर.' अक्षर आईचं आहे.

---

दंतकथा

उरलेल्या दोन खेपा चुकवू नका. तात्पुरतं भरलेलं तात्पुरतंच असतं.

---

शंकासुर

शनिवार आला म्हणजे शेवटी.

---

पागोळी

वाण्याने लवंगा बदलून दिल्या. पेला बघून काही बोललाच नाही.